वळण

बाबा गेले आणि ट्रंक माझ्याकडे आली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, कडीला कुलूप नाही, नुसती सुतळी बांधलेली. भाऊ तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्यांच्याकडे लिफ्ट नाही, आमचं सहकारनगरचं घर तळमजल्यावर, एवढ्याच हिशोबाने ती इथे आली. आत पणजोबांचे कागद आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि ते कुणालाच वाचता येत नाहीत हेही माहीत होतं, कारण सगळं मोडी लिपीत. बाबांना मोडी येत नव्हती. आजोबांना यायची, पण आजोबा होते तेव्हा त्यांच्या शेजारी बसून हे वाचून दाखवा म्हणावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि मग ते गेलेच.

कागदांच्या तळाशी एक लांबट वही होती. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. पिवळी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. त्यातलं मला फक्त साल वाचता आलं, शके १८४०, कारण मोडीतले आकडे आपल्याला बरेचसे ओळखू येतात. १८४० मध्ये ७८ मिळवले की १९१८. ते डोक्यात लागलं आणि मी तिथेच फरशीवर बसले, कारण त्या सालाबद्दल आमच्या घरात एक गोष्ट सांगतात, की त्या वर्षी पावसाने दगा दिला, पणजीने नथ विकली आणि त्या पैशावर घर जगलं. आमच्या घरात कुणी पैशाची कटकट केली की आजी हीच गोष्ट काढायची. मी तेव्हा ५० वर्षांची होते. त्याच दिवशी ठरवलं की मोडी शिकायची आणि ही वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आपण स्वतः वाचायची. १०६ पानं.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. मधल्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं की नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण हे सगळं सांभाळून तू रोज बसतेस कशी, मन कसं लागतं. मन लागत नव्हतंच, ते लावावं लागलं, आणि ते कसं लागलं हे मला नीट लिहून ठेवायचंय, कारण ह्याआधी मी ठरवलेल्या बहुतेक गोष्टी अर्ध्यात सुटलेल्या आहेत आणि ह्या वेळी वेगळं काय झालं ह्याचा मी खूप विचार केलाय.

सतारीचंच सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसात एक दिवसाचं ट्रेनिंग होतं. डोळे मिटा, तुमचं ध्येय पूर्ण झालंय असं बघा, कसं वाटतंय ते अनुभवा. मग जुन्या मासिकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि तो पुठ्ठा घरी रोज नजरेसमोर राहील असा लावायचा. मी मनापासून केलं सगळं. माझ्या पुठ्ठ्यावर सतार होती. डोळे मिटले की मी वाजवतेय असं दिसायचं, छान वाटायचं, खरंच छान वाटायचं, आणि क्लासला मी एकूण पाच वेळा गेले. पुढे बरीच वर्षं मी हेच धरून चालले की आपल्यात चिकाटी नाही. मग गॅब्रिएले ओएटिंगेन ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामाबद्दल वाचनात आलं. १९९१ मध्ये त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, वजन कमी करायला आलेल्या बायकांवर केलेला, आणि त्यात असं दिसलं की ज्या बायका आपण बारीक झालोय अशी गोड चित्रं मनात रंगवत होत्या त्यांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा कमी उतरलं. हे वाचून मला माझा पुठ्ठा आठवला. मन मुक्कामाला आधीच जाऊन येतं, तिथलं गोड खाऊन येतं, मग पायांना निघायची घाई कशाला राहील. त्या पुठ्ठ्यावर सतार होती, पण बोटाला पडणारे चरे नव्हते, क्लासच्या जिन्याचा अंधार नव्हता, ऑफिसमधून सुटायला होणारा उशीर नव्हता. नेमक्या ह्याच तीन गोष्टींनी माझी सतार सुटली.

म्हणून मोडीच्या वेळी मी वाचून झालेल्या वहीचं चित्र एकदाही डोळ्यांपुढे आणलं नाही. आणलं ते पुढच्या सकाळचं, की उठायचं किती वाजता, बसायचं कुठे, आणि आडवं काय येईल.

सदाशिव पेठेत शनिवारी संध्याकाळी मोडीचा वर्ग भरायचा, तिथे नाव घातलं. मोडी शिकायची तर पुण्यासारखी जागा नाही. इथे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं, आणि पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, हजारो रुमाल, रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्या दफ्तरातून निवडून इतिहासकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत ४५ खंड छापले. आमचे सर सत्तरीच्या पुढचे, आवाज बारीक, खडू मात्र ठाम. ते म्हणाले, "पंचेचाळीस खंड निघाले तरी दफ्तर आहे तेवढंच आहे. म्हणून मी दफ्तर वाचणार असं ठरवून तिथे कुणी बसत नाही. हा कागद वाचणार, एवढं ठरवून बसतात." मी घरी येऊन १०६ पानांची वही ट्रंकेत परत ठेवली आणि एका पानाचा फोटो काढून त्याची मोठी प्रिंट आणली.

मोडीतली पहिली शिकवण मला अजून रोज उपयोगी पडते. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि मग वर रेघ देतो. मोडीत आधी पानभर रेघा आखून घ्यायच्या, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मग अक्षरं त्या रेघेला खालून टांगत जायची, हात होईल तेवढा न उचलता. म्हणजे काय लिहायचं ते सुचायच्या आधी रेघ तयार पाहिजे. मी तसंच केलं. काय वाचून होईल, किती होईल, आज डोकं चालेल की नाही, ह्यातलं काही न ठरवता फक्त रेघ आखली. सकाळी चहा झाला, गॅस बंद केला, की गॅलरीतल्या टेबलाशी बसायचं. वीस मिनिटं. बस्स.

ही गॅसची गोष्ट साधी वाटेल पण ती मी मुद्दाम निवडली. पीटर गोल्विट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९९९ मध्ये ह्यावर एक गाजलेला लेख लिहिला, मुद्दा असा की 'मी रोज अभ्यास करीन' एवढं ठरवून फार काही होत नाही, पण 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं जोडून ठरवलं तर माणूस ते पुष्कळ जास्त वेळा करतो, कारण मग दर वेळी मनाला विचारावं लागत नाही. आपल्या आज्यांना हे वाचावं लागलं नव्हतं. दिवा लावला की शुभंकरोती, शुभंकरोती झालं की परवचा, म्हणजे पाढ्यांची उजळणी. कुणी मूड विचारत नव्हतं. माझे बाबा शेवटपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी धडाधड म्हणायचे, भाजीवाल्याचा हिशोब त्याच्या आधी सांगायचे, आणि आम्ही मुलं त्याला नुसती घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडायचो. आज मला वाटतं की त्यांनी त्या संध्याकाळी दिडकीपेक्षा मोठी गोष्ट कमावली. कंटाळा आला तरी बसून राहायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं. आमच्या पिढीने परवचा सोडला, आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही, हे आमचं चुकलंच.

आता पहिल्या दोन महिन्यांत त्या वीस मिनिटांत मन काय काय करायचं ते सांगते. पहिली तीन-चार मिनिटं उत्साहाची. मग एका अक्षराशी अडायला व्हायचं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, र तर शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो, त्यामुळे एखाद्या ओळीत शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला तेच कळत नाही. अडलं की छातीत एक बारीकशी अस्वस्थता उठायची, आणि ती उठली रे उठली की हात फोनकडे. मला फोनमध्ये काही बघायचं असायचं असं नव्हे. न कळण्याचं जे काही वाटत होतं ते मला सोसत नव्हतं, आणि त्याच्यापासून पळायचा सगळ्यात जवळचा दरवाजा म्हणजे फोन. एकदा मी कागदावर खुणा करत गेले, मन किती वेळा उठलं त्याच्या. वीस मिनिटांत एकतीस खुणा. पन्नास वर्षं मी ह्याच मनाने जगत होते आणि मला हे माहीत नव्हतं, ह्याचं मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

फोन मग स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यामागे. आणि एक नियम, की अक्षर अडलं तर लगेच तक्ता उघडायचा नाही, दहा श्वास त्या अक्षराकडे नुसतं बघायचं. कळलं तर कळलं. तळजाईच्या बाजूने मोर ओरडायचे, दुधाच्या पिशव्या टाकणारा मुलगा येऊन जायचा, आणि मी एका वेलांटीकडे बघत बसलेली. दहा श्वास फार मोठे असतात. पण मला आता खात्रीने वाटतं की माझं शिक्षण तक्त्यातून झालं त्यापेक्षा जास्त त्या दहा श्वासांत झालं. अक्षरं पाठ होणं ही पुढची गोष्ट, न कळणाऱ्या अक्षरासमोर घाबरं न होता टिकून राहणं ही आधीची, आणि हीच गोष्ट मला सतारीपाशी जमली नव्हती, मुलीच्या दहावीत तिच्याशी बोलताना जमली नव्हती, बाबांच्या शेवटच्या महिन्यात त्यांच्या पलंगाशेजारी बसताना तर मुळीच जमली नव्हती. तिथेही मी सारखी उठत होते. पाणी आणू का, उशी नीट करू का, डॉक्टरांना फोन करू का. ते नुसतं म्हणायचे, "बस गं."

मोडीत लिहिण्याच्या पद्धतीला वळण म्हणतात. पेशवाईतली वळणं चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. प्रत्येकाचा झोक वेगळा, आणि एका वळणाचा सराव झाला म्हणून दुसरं लगेच वाचता येतं असं नाही. सरांनी फळ्यावर ही नावं लिहिली तेव्हा माझा पेन थांबला, कारण मुलांबद्दल आपण हाच शब्द वापरतो, वळण लावलं नाही, चांगल्या वळणाची मुलगी. आणि भोरजवळच्या आमच्या गावी मी लहानपणी बघितलेलं, काका रात्री कंदील घेऊन दारं धरायला जायचे, वाफ्यात पाणी वळवायला. पाण्याला ते काही बोलायचे नाहीत. खोऱ्याने इथली माती ओढायची, तिथे थोडी लावायची, की पाणी आपसूक वळायचं, आणि वाफा भरला की परत तेच, पुढच्या वाफ्याशी. रात्रभर. मी माझ्या मनाला आजवर नुसतं बोलत आले होते. शिस्त नाही तुला, बघ त्या अमक्या कशा करतात, ह्या वेळी तरी पूर्ण कर. गॅस, टेबल, वीस मिनिटं, डाळीचा डबा, दहा श्वास, ही माझी खोऱ्याने ओढलेली माती.

किती दिवसांत वळण लागलं? एकवीस दिवस म्हणतात ते मी आधी खूपदा करून पाहिलेलं आहे, बाविसाव्या दिवशी काही घडत नाही आणि मग माणूस स्वतःला दोष देतो. हा एकवीसचा आकडा मुळात मॅक्सवेल मॉल्ट्झ ह्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून पसरला, ते त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं, की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण तीन आठवडे लागतात. त्यातलं 'कमीत कमी' पुढे गळून गेलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तिथे एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस आले, पण माणसामाणसांत फरक केवढा, १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत. अंगवळणी. बघा, इथेही वळण आहेच. माझं म्हणाल तर तीन महिने होऊन गेल्यावर एका सकाळी मी टेबलाशी बसलेली होते आणि मला आठवेना की मी ठरवून कधी बसले. गॅस बंद केलेला होता, बोरू हातात होता. त्या दिवशी मी खुणा केल्या, अकरा निघाल्या.

अक्षरांचं पाठांतर मात्र वेगळंच प्रकरण. रविवारी दोन तास बसून केलेलं गुरुवारपर्यंत निम्मं उडायचं. हर्मान एबिंगहाऊस ह्यांनी १८८५ मध्ये हेच स्वतःवर मोजून दाखवलंय, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती तासांनी किती विसरतो ते लिहायचं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं, आणि एकदम फार घोकण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून परत परत केलेलं जास्त टिकतं. म्हणून आज गिरवलेलं अक्षर उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. अप्पा बळवंत चौकातून चार डझन वह्या आणल्या असतील आत्तापर्यंत. कित्ता, गिरवणं, घोटणं, हात बसणं, हे सगळे शब्द मी पन्नास वर्षं नुसते वापरत होते, त्यांचा अर्थ बोटांना कळला तो आता. एवढं ह्याबद्दल पुरे, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

जानेवारीत मला ती ओळ सापडली. पान ४१, एक मोठा डाग पडलेला, डागाच्या पुढे स्पष्ट 'विकली', आणि पुढे रुपये. डागाखाली अर्धवट दोन अक्षरं. मी एका क्षणात वाचलं, नथ विकली. रडायलाच आलं. फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, भावाचा फोन आला, चुलत बहिणी भरभरून लिहीत होत्या, आत्याला फोन लावून वाचून दाखवलं. आत्या ८१ वर्षांची, वाईला असते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझी आई खोटं सांगत नव्हती तर."

शनिवारी प्रिंट वर्गात नेली. सरांनी भिंग घेतलं, कागद उजेडाकडे तिरका धरला, खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "ताई, ही गाय आहे." मी म्हटलं, सर, नथ आहे, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ते रागावले नाहीत. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "घरातलं सगळ्यांना माहीत असेल, पण कागदाला माहीत नाही ना. तुम्ही अक्षर वाचलं नाहीत, शब्द आठवलात. परत बघा." आणि गायच होती. डागाच्या कडेने ग चा काना बाहेर आलेला स्पष्ट दिसत होता, मी तो बघितलाच नव्हता. दुष्काळात वैरण नाही म्हणून गाय विकली असणार.

त्या दिवशी टिळक रस्त्याने मी चालत चालत स्वारगेटपर्यंत आले, बस घेतलीच नाही. इतके महिने मन एका जागी बसायला शिकवलं आणि ते बसलं, पण बसल्या जागी त्याने जे हवं तेच बघितलं. एकाग्रता म्हणजे सगळं आलं असं मी धरून चालले होते. माझं लक्ष त्या ओळीवर पूर्ण होतं, जास्तच होतं. पण नथीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेली, ती खरी ठरावी अशी माझी आतून इतकी इच्छा होती की डोळ्यांनी तीच आणून दिली. आणि मग मला एकेक आठवायला लागलं, ऑफिसातल्या कुणाच्या बोलण्याचे मी असेच अर्थ लावले होते, नवऱ्याच्या गप्प बसण्याचे लावले होते, माझ्या स्वतःबद्दलच 'आपल्यात चिकाटी नाही' हेही असंच डागाखालचं वाचन होतं, वीस वर्षं मी ते नीट न बघता वाचत होते.

आत्याला फोन करून सांगणं सगळ्यात अवघड होतं. मी म्हटलं, आत्या, माझं चुकलं, ती नथ नाही, गाय आहे. ती म्हणाली, "अगं मग नथ कुठे गेली?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग वाच की पुढे. मी आहे अजून."

तेव्हापासून माझ्या सकाळच्या नियमात एक भर पडली. वाचलेल्या शब्दासमोर पेन्सिलीने एक, दोन किंवा तीन टिंबं द्यायची. तीन म्हणजे प्रत्येक अक्षर सुटं सुटं ओळखलं. दोन म्हणजे एखादं अक्षर अंदाजाने. एक म्हणजे मला तसं असावंसं वाटतंय. ह्याने वेग इतका कमी झाला की दिवसाला दोन ओळी, कधी एक. पण मला वाटतं ह्या टिंबांइतकं मला आयुष्यात दुसऱ्या कशाने शिकवलं नसेल. घरी भांडण झालं तरी आता मनात येतं, हे मी जे समजतेय ते किती टिंबांचं.

मार्चमध्ये सासूबाई आजारी पडल्या. आधी ताप, मग न्यूमोनिया, मग दवाखाना. १९ दिवस मी टेबलाकडे फिरकले नाही. त्या घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस बंद केला आणि मी ओट्याशीच उभी राहिले. हा क्षण मी ओळखते, माझ्या सगळ्या सुटलेल्या गोष्टी इथेच सुटल्या. खंड पडतो आणि मग त्या खंडाची इतकी लाज वाटते की परत जाववत नाही, वाटतं आता पहिल्यापासून सुरू करू, सोमवारपासून, पाडव्यापासून. लॅलीबाईंच्या त्या अभ्यासात हेही होतं की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. एखादा दिवस म्हणजे १९ दिवस नव्हेत हे मला कळत होतं. तरी बसले. हात जड झाला होता, तीन अक्षरं साफ विसरले होते, खुणा पुन्हा वीसच्या वर. दुसऱ्या दिवशीही बसले.

ऑगस्टमध्ये मी आश्विनाच्या पानांवर आले. तोवर पणजोबांचं वळण मला माणसासारखं ओळखीचं झालं होतं, घाईत असले की रेघ उजवीकडे चढते, महिनाअखेरीला अक्षर बारीक होतं. पावली, निम्मा, आणे दाखवायच्या त्यांच्या उभ्या-आडव्या रेघाही आता न अडखळता वाचता येत होत्या. रोज एक तिथी, तिच्याखाली खर्च. मीठ, घासलेट, गूळ, तंबाखू, बैलाला पेंड. आश्विन शुद्ध ८ वाचली, सुंठ, मिरी, परत सुंठ. आणि पुढची तिथी वाचली ती कार्तिक शुद्ध ५.

मला वाटलं पान गळलंय. शिवण तपासली. पान गळलेलं नव्हतं, ह्या दोन नोंदी एकाच पानावर, एकाखाली एक. सव्वीस तिथ्या नव्हत्याच. दसरा नाही, दिवाळी नाही. हिशोब केला, म्हणजे साधारण १९१८ चा ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सुरुवात, आणि मग लक्षात आलं, इन्फ्ल्यूएंझा. मुंबई इलाख्यात ती साथ नेमकी ह्याच दिवसांत सगळ्यात भयंकर होती, आणि वरून पाऊस नाही. त्या सव्वीस तिथ्यांबद्दल वहीत एक अक्षर नाही. का लिहिलं नाही ते नाही, काय झालं ते नाही. कार्तिक शुद्ध ५ ला पणजोबांनी नेहमीसारखी कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढली आणि खाली लिहिलं, मीठ. रेघ थोडी थरथरलेली आहे. मी त्या रेघेवरून बोट फिरवत बसले, वीस मिनिटं कधी होऊन गेली कळलं नाही, ऑफिसला उशीर झाला.

पुढचे आठ-दहा दिवस मला काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. कार्तिक, मार्गशीर्ष वरवर चाळले. सगळं तसंच, बाजाराच्या दिवशी तोच बाजार, पण पान रिकामं रिकामं वाटायचं. पूर्वीची मी असते तर ते वाटणं झटकून पुढे गेले असते. मी मागे गेले, चैत्रापासून बाजाराच्या नोंदी एका कागदावर उतरवून काढल्या, आधीच्या आणि नंतरच्या समोरासमोर. आणि दिसलं. खंड पडायच्या आधी प्रत्येक आठवडे बाजाराच्या शेवटी एक छोटी ओळ आहे, बाळीस बत्तासे, एक पैसा. चैत्रात आहे, वैशाखात आहे, ऐन दुष्काळात श्रावण-भाद्रपदात सुंठीच्या शेजारीही आहे, ज्या महिन्यात गाय विकली त्या महिन्यातही आहे. कार्तिकापासून ती ओळ नाही. वहीच्या शेवटच्या पानापर्यंत ती ओळ परत कुठेही येत नाही, मी पानं चाळून फक्त तेवढा एक शब्द शोधला. तीन टिंबांचं वाचन आहे हे, प्रत्येक वेळी सरांना दाखवून घेतलंय.

आमच्या वंशावळीत आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ आहेत. मुलगी कुणी नाही.

रविवारी आत्याला फोन केला. तिला सगळं सावकाश वाचून दाखवलं, आधीचे बाजार, मग सव्वीस तिथ्या, मग नंतरचे बाजार. ती मध्ये एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "बाळी. आमच्यात कुणी कधी नाव काढलं नाही गं." मग तिच्या घरातलं घड्याळ वाजलेलं ऐकू आलं. मला पूर्वी अशा शांततेत काहीतरी बोलल्याशिवाय राहवायचं नाही. मी फोन कानाला धरून नुसती बसले होते, ती तिकडे बसली होती.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझी आजी डाव्या हाताने नाकाशी चाळा करायची सारखा, नथ नव्हती तरी. आम्ही हसायचो." आणि मग, "पुढे काय लिहिलंय? कार्तिकानंतर?"

मी म्हटलं, आत्या, पुढचं मी अजून नीट वाचलेलं नाही, ओळीओळीला अडेन, वेळ लागेल.

"लागू दे," ती म्हणाली. "वाच."

मी प्रिंट पुढे ओढली आणि वाचायला लागले. कार्तिक शुद्ध ५. मीठ, एक आणा. घासलेट, दोन आणे. पुढचा शब्द अडला. ती थांबली होती.